मकरपुऱ्याच्या सेल्फ-डायनामोवाल्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी माल उतरवायच्या गडबडीत तुमचे आभार मानायचे राहून गेले. बडोद्यात असं काम करणारी माणसं आहेत हे इतरांनाही कळावं, म्हणून हे जाहीर पत्र.

आमचं डिझेल फोर्कलिफ्ट गोदामाच्या दारातच अडलं होतं. चावी फिरवली की सेल्फची, म्हणजे इंजिन सुरू करणाऱ्या मोटरची, नुसती टकटक. सेल्फचं छोटं दातेरी चाक, म्हणजे पिनियन, इंजिनच्या फ्लायव्हीलची दातेरी रिंग धरतच नव्हतं. आधीच्या मिस्त्रींनी अख्खा सेल्फ बदलायला सांगितलं होतं.

तुम्ही पान्याआधी मीटर काढलात. फोर्क जमिनीला टेकवायला, हँडब्रेक ओढायला, चाकांना ठोकळे लावायला सांगितलंत. बॅटरी 12.6 व्होल्ट, म्हणजे भरलेली. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी सेल्फच्या बॉडीवर धरून चावी मारायला लावलीत. तिथे अर्ध्या व्होल्टच्या आत दिसायला हवं. आकडा 3 च्या वर उडाला. "सेल्फ ठणठणीत आहे, करंटला परत यायला वाट नाही," तुम्ही म्हणालात.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं, त्यामुळे करंट परत न्यायची सगळी भिस्त इंजिन चासीला जोडणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीवर. ती चासीला जिथे आवळली होती तिथे रंगाचा थर आणि खाली गंज. सेल्फवरचा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा खटका, पिनियन पुढे ढकलायचा, मोटरने करंट ओढला की व्होल्टेज कोसळायचं आणि पिनियन मागे. टकटक होत होती ती यामुळे. निगेटिव्हवरून जाड केबल थेट इंजिन ब्लॉकला लावलीत आणि गाडी पहिल्या चावीत सुरू झाली! मग बॅटरी सोडून जोड चकचकीत घासलेत, नवी पट्टी आवळलीत.

मला सर्वांत मोलाचं वाटलं ते वेगळंच. आमचा हेल्पर चावीशिवाय गाडी सुरू करायला सेल्फच्या टर्मिनलांवर स्क्रूड्रायव्हर टेकवायला निघाला, तेव्हा तुम्ही त्याचा हात धरलात. तसं केलं की गियर पडलेला असताना सेल्फ फिरू न देणारा न्यूट्रल स्विच कामाचा राहत नाही, गियर पडलेला असला तर गाडी थेट अंगावर येते, हे त्याला शांतपणे समजावलंत. त्याच्या वयाच्या पोरांना इतक्या मायेने कोण सांगतं? हाताच्या कामामागचं शास्त्र शिकवायला सयाजीराव महाराजांनी 1890 साली इथे कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था काढली. तुमचं काम पाहताना त्याची आठवण झाली.

बिलात फक्त पट्टी आणि मजुरी होती. मनापासून आभार, काका.

आता त्या पोराला मीटर धरायला शिकायचंय. सुट्टीच्या दिवशी दुकानावर पाठवलं तर चालेल का?

आपला,
गोदामाचा सुपरवायझर