ताई, त्या दोन मीटरांसाठी

प्रिय ताई,

समोरासमोर आभार मानायला गेलो की तू "बरं बरं, आधी तो टँक उचल" म्हणून विषय संपवायचीस. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय.

मी त्या किनाऱ्यावरच्या गावात सहा दिवसांसाठी आलो होतो आणि सात महिने राहिलो. पण पहिल्या आठवड्यात बॅग भरूनच बसलो होतो. दुसऱ्या एका ठिकाणी स्कूबा डायव्हिंगचा, म्हणजे पाठीवर हवेचा टँक घेऊन पाण्याखाली उतरण्याचा, कोर्स सुरू केला होता. आठ जणांची तुकडी, आणि माझा डावा कान तीन मीटरवरच अडून बसायचा. तिथल्या शिक्षकाने दोनदा अंगठा खाली करून "चल" म्हणून खुणावलं आणि तिसऱ्यांदा मला वर पाठवलं. काही कान यासाठी नसतातच, असं म्हणाला. संध्याकाळी धक्क्यावर बसून मी आईला फोनवर तेच सांगत होतो, तर मागून मराठीत प्रश्न आला, "कुठला कान?" त्या अख्ख्या गावात मराठी बोलणारे आपण दोघंच निघालो.

दुसऱ्या दिवशी तू नांगराच्या दोरीला दर मीटरवर एकेक रंगीत चिंधी बांधलीस. पाय खाली, डोकं वर, दोरी हातात. "आज दोन मीटर. उद्याचं उद्या." बस्स. मला कुणी तोवर सांगितलंच नव्हतं की कानाला खरा जाच पहिल्या काही मीटरांतच असतो. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो, मधल्या कानातली हवा आक्रसते, आणि घशाकडून येणारी नळी एकदा दाबाने चिकटली की कितीही जोर लावा, उघडत नाही. म्हणून दुखायची वाट बघायची नाही. चिंधी यायच्या आधीच नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं. नाही जमलं तर हातभर वर सरकायचं. वालसाल्वा नावाच्या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने १७०४ मध्ये ही युक्ती लिहून ठेवली, तीही कानातला पू बाहेर काढण्यासाठी, हे तूच सांगितलंस.

चौथ्या दिवशी मी सहाव्या चिंधीपाशी पोचलो. ती लाल होती. मी पाहिलं तर मळकट तपकिरी. तू तुझा टॉर्च तिच्यावर धरलास आणि ती भडक लाल झाली. पाण्यात लाल रंग सगळ्यांत आधी विरतो, हे ठाऊक असणं वेगळं आणि असं डोळ्यांदेखत बघणं वेगळं. तेवढ्यात कुठूनतरी करकर ऐकू आलं. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने जातो, त्यामुळे कुठून येतो ते कळत नाही. तू बोट दाखवलंस. पोपटमासे प्रवाळ कुरतडत होते. त्यातला चुना पचत नाही, तो पांढरी वाळू होऊन त्यांच्या मागे सांडत होता.

मग मला सर्दी झाली आणि तू मला पाच दिवस पाण्यात उतरूच दिलं नाहीस. गोळी घेऊन नाक मोकळं करतो म्हणालो, तर केवढी चिडलीस! गोळीचा असर पाण्याखाली उतरला तर वर येताना हवा कानात अडकते. तेव्हा कटकट वाटली. पण त्या पाच दिवसांसाठीच मला तुझे सगळ्यांत जास्त आभार मानायचेत, कारण तिथे राहायचं कसं ते मला तेव्हा कळलं.

पहाटे टँक बोटीवर चढवताना होणारा खणखणाट हेच गावाचं घड्याळ. बोटी गेल्या की सगळं शांत. कॉम्प्रेसरची घरघर, वाळत टाकलेले वेटसूट, त्यांचा तो ओल्या रबराचा वास. दुपारी झोळीत पडून राहायचं, हातातलं पुस्तक पोटावर. बोटी परत आल्या की गोड्या पाण्याच्या टाकीत मास्क, फिन्स, बीसीडी (हवा भरून तरंगवणारं जॅकेट) खळबळून काढायचे, आणि मग लॉगबुकं उघडायची. काय दिसलं यावर अंधार पडेस्तोवर वाद. पुढे महिनोन्‌महिने मी तुझ्याकडे हेच काम केलं, त्याबदल्यात तू मला समुद्र दिलास.

एकदा मी रेग्युलेटरचं, म्हणजे टँकमधली हवा तोंडाशी आणणाऱ्या यंत्राचं, झाकण न लावताच तो टाकीत बुडवला. फर्स्ट स्टेजमध्ये, टँकला जोडायच्या भागात, पाणी गेलं. तू काही बोलली नाहीस. मला शेजारी बसवलंस आणि रात्री दिव्याखाली तो सगळा उघडलास, एकेक ओ-रिंग, ती रबरी कडी, पुसून कापडावर मांडत. त्यानंतर झाकण कोरडं करून लावल्याशिवाय माझा हात पाण्याकडे गेलेला नाही.

आणि ते विमान. घरून बोलावणं आलं, मी घाईने सकाळचं तिकीट काढलं, आणि आदल्या दुपारी दोन डाइव्ह झाल्या होत्या. तू तिकीट पाहिलंस आणि तास मोजलेस. एकाहून जास्त डाइव्ह झाल्या तर निदान अठरा तास थांबायचं, शरीरात मुरलेला नायट्रोजन उंचावर बुडबुडे धरतो. होत होते चौदा. मी म्हणालो, चार तासांनी काय होतं? तू हाल्डेन या ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञाची गोष्ट काढलीस. त्याने बोकडांवर प्रयोग करून १९०८ मध्ये पाण्यातून टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टकं छापली. "त्या बोकडांना निवड नव्हती, तुला आहे." मग तूच फोनवर ताटकळत बसून माझं तिकीट संध्याकाळचं करून घेतलंस.

तो डावा कान आता तीस मीटरवरही गप्प असतो, ताई.

एक सांगायचं राहिलं. जायच्या दिवशी दोरीवरची सहावी चिंधी मी तुला न विचारता सोडून आणली. माझ्या मास्कच्या पट्ट्याला बांधली आहे. कुणी नवखा येण्याआधी तिथे दुसरी बांध, लालच.

तुझा,
डाव्या कानवाला