मोटारीचा हात कपाटात का?

संपादक महोदय,

स्वस्त रोबोटिक हातांच्या बातम्यांत बोटं किती आणि कशी हलतात याचंच कौतुक फार. माझ्या मामांचा उजवा हात कोपराखाली नाही. त्यांचा मोटारीचा, म्हणजे विजेच्या मोटारीवर चालणारा कृत्रिम हात बहुतेक वेळ कपाटात असतो. ते वापरतात खांद्याला बांधलेल्या दोरीच्या ओढीने उघडणारा हुकासारखा साधा आकडा, ज्याचं पेटंट अमेरिकेतल्या डोरन्स यांनी १९१२ मध्ये घेतलं होतं!

"घाम आला की हा माझं ऐकत नाही," असं मामा म्हणतात. खरंच आहे. मोटारीचा हात स्नायूंतले विजेचे सूक्ष्म संकेत कातडीवरच्या इलेक्ट्रोडने टिपतो. हाताची खोबण, म्हणजे उरलेला हात जिच्यात बसतो तो भाग, जराशी सरकली की संकेत बदलतो आणि मूठ भलत्याच वेळी उघडते. त्यात स्पर्श कळत नाही, म्हणून पेला धरला की नजर पेल्यावरून हलवायची सोय नाही. आकड्याची दोरी निदान खांद्याला ताण तरी कळवते.

बोटं गमावलेले दक्षिण आफ्रिकेतले सुतार रिचर्ड व्हॅन ॲस आणि अमेरिकेतले आयव्हन ओवेन यांनी थ्रीडी प्रिंटरवर बनणाऱ्या हाताचा आराखडा सर्वांना खुला केला. वाढत्या वयाच्या मुलांची त्यामुळे मोठीच सोय झाली. पण नेमकी बसणारी खोबण अजूनही कुशल माणसाच्याच हातची.

संशोधकांनी आणखी एक बोट हलवण्याआधी घाम, खोबण आणि स्पर्श यांच्याकडे बघावं. चाचणीही प्रयोगशाळेत तासभर नको, घरात महिनाभर व्हावी. मामांचा हात कपाटाबाहेर आला, की पुन्हा पत्र लिहीन.

– एक वाचक