शिवणीचं इमानतळ

शिवणी, अकोला
9 नोव्हेंबर 2025

प्रिय दिनू,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू सहज विचारलंस, "अमरावतीला विमान सुरू झालं म्हणे, मग आपलं शिवणीचं बंद कधी झालं रे?" मी हो-हो करून वेळ मारून नेली. पण फोन ठेवल्यावर प्रश्न काही डोक्यातून जाईना. कापसाचं जिनिंग बंद पडलं की गेटला कुलूप लागतं, लोकांचे पगार अडकतात, एक तारीख तरी सांगता येते. इथं तारीखच नाही. कागदावर तर ते आजही चालू आहे. विमानतळ प्राधिकरणाचा फलक आहे, कुंपण आहे, गेटावर माणूस आहे. मंत्री यायचे असले की झाडलोटही होते. फक्त तिकीट काढून बसावं असं विमान तेवढं नाही.

माझी आजी त्याला कायम इमानतळच म्हणायची. ते बांधलं 1943 साली. जपान्यांनी ब्रह्मदेश घेतलेला आणि इंग्रजांना देशभर धावपट्ट्यांची घाई झालेली. तिकडं गोंदियाजवळ बिरसीची पट्टी 1940 ची, तीही युद्धाचीच. आपण तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात, राजधानी नागपूर. बांधकाम खात्यानं काम काढलं आणि आजूबाजूच्या गावांतली माणसं मजुरीला लागली. त्यात आजी होती. काळ्या मातीवर पट्टी करणं किती जिकिरीचं, ते शेतकऱ्याच्या पोराला मी काय सांगू? पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणून माती उकरून काढायची, मुरूम भरायचा, त्यावर गिट्टीचे थर, पाणी मारायचं आणि रोलर फिरवायचा. आजीच्या डाव्या हाताची करंगळी वाकडी होती, आठवतं? ती तिथलीच. गिट्टी फोडताना हातोडी बसली. म्हणायची, "गोऱ्याच्या लढाईसाठी आमी गिट्टी फोडली बाप्पा, पन इमान काई पाह्यलं नाई."

विमान ऐकलं मात्र होतं तिनं, असं बाबा सांगायचे. 1949 च्या जानेवारीत रात्रीची टपाल विमानं सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशा चारी दिशांनी चार डाकोटा निघायची आणि मध्यरात्री नागपूरला सोनेगावला उतरायची. तिथं टपालाच्या थैल्यांची अदलाबदल झाली की पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत. मुंबईचं विमान साधारण आपल्याच भागावरून जायचं. जागलीला मळ्यात झोपलेली माणसं त्या घरघरीवरून वेळ ओळखायची. म्हणजे खाली आपली पट्टी आणि वरून सगळ्या देशाची पत्रं, पण उतरायचं नागपूरला! आपल्या विमानतळाचं नशीब तेव्हाच ठरलं होतं, असं मला उगाचच वाटतं.

आता तुझी-माझी गोष्ट. तेव्हा कुंपण नावालाच होतं. तू सायकल शिकलास पट्टीवर, मी सरांची स्कूटर चोरून चालवली ती पट्टीवर. आणि ती म्हैस! चौकीदार सायकल हाणत, एका हातानं टोपी धरून, लांबूनच ओरडत आला होता, "ए पोट्टेहो! म्हशी काढा तिथून, इमान येऊन राह्यलं!" सगळ्या निघाल्या, एक मात्र पट्टीच्या मधोमध उभी राहून रवंथ करत बसली. आपण शेपूट पिळलं, चपलेनं हाणलं, ढिम्म! मंत्र्यांच्या विमानानं वरून दोन चकरा मारल्या. तिसरीला ते उतरलं तेव्हा म्हैस नालीत, तू चिखलात आणि तुझी एक चप्पल पट्टीवर. पुढे तुझ्या बाबांनी तुला बदडलं. दिनू, इतक्या वर्षांनी सांगतो, ती म्हैस आमची होती. मी चौकीदाराला तुमची म्हणून सांगितलं.

बरं, तुझ्या प्रश्नाकडं येतो. मोठं विमान का येत नाही? आपली पट्टी 1400 मीटरच्या आसपास. हल्ली लहान गावांना जे एटीआर विमान येतं, सत्तरेक माणसांचं, त्याला पूर्ण भरून उडायला 1300 मीटर लागतात. मग पुरते की, म्हणशील. पण तो हिशेब समुद्रकाठचा आणि 15 अंशांचा. आपल्याकडं मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर. तापलेली हवा विरळ होते, पंखांना उचलायला बळ मिळत नाही, इंजिनही दमतं आणि विमानाला जास्त धावावं लागतं. नाहीतर माणसं कमी घ्या, सामान कमी घ्या, मग कंपनीला परवडत नाही. म्हणून मागणी 1800 मीटरची. अमरावतीच्या बेलोऱ्यानं 1850 केली आणि यंदा 16 एप्रिलला मुंबईचं विमान तिथं उतरलं.

आपली पट्टी वाढवायची तर जायचं कुठं? एका अंगाला कृषी विद्यापीठाची शेतं. इथं माझं मन दोन्हीकडं ओढतं, खरं सांगतो. गावात सगळे म्हणतात, विद्यापीठानं जमीन लवकर दिली असती तर केव्हाच विमान आलं असतं. पण ज्या पीकेव्ही हायब्रीड-2 कपाशीनं बाबांनी ताईचं लग्न लावलं, ते वाण याच विद्यापीठाचं. संशोधनाचं शेत म्हणजे रिकामी जागा नव्हे. एकेका वाफ्यात कुणाची दहा-दहा वर्षं असतात. शेवटी थोड्या लोकांच्या खाजगी जमिनीही आखणीत आल्या. माझ्या चुलतभावाचं शेत त्यातच. मोजणीवाले आले, खुणा करून गेले. तेव्हापासून त्याला ना विकता येतं, ना विहिरीला कर्ज मिळतं. विचारायला गेला की साहेब बदललेले असतात. त्याच्यापुरतं विचारशील तर विमानतळ बंद नाही आणि चालूही नाही, त्याच्या बांधावर येऊन बसलंय.

आणि पट्टी लांब असली म्हणजे झालं, असंही नाही. बिरसीची 2300 मीटर. तिथं 2022 मध्ये प्रवासी विमान सुरू झालं, काही महिन्यांत थांबलं, मग 2023 च्या डिसेंबरात दुसऱ्या कंपनीनं चालू केलं.

गेल्या आठवड्यात कपाशीची वेचणी चालू होती म्हणून त्या बाजूला गेलो. कुंपणाच्या जाळीत फुटलेल्या बोंडाचा कापूस अडकून बसलाय, वाऱ्यानं आलेला. आत खांबावर वाऱ्याची पिशवी आहे, आपण तिला बाहीच म्हणायचो ना? भगव्या-पांढऱ्या पट्ट्यांची. रंग उडालाय, पण फाटकी नाही. कुणीतरी बदलत असणार. विमान येत नाही तरी वारा कुठून आहे ते दाखवत असते. पाच मिनिटं उभा राहिलो. गेटावरच्या पोरानं विचारलं, "काका, काही काम होतं का?" नाही म्हटलं आणि निघालो.

नागदिवाळीला येतो म्हटलं होतंस, ते विसरू नकोस. विदर्भ एक्स्प्रेसनं आलास तर पहाटे उतरशील. स्टेशनवर मी येतो. गाडी पोरगा चालवेल, मी मागं बसेन, डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून अंधारात चालवू देत नाहीत. वहिनींना नमस्कार. पोरांना आशीर्वाद.

तुझा,
बंडू

ता. क. म्हशीचं मनावर घेऊ नकोस. चपलेचे पैसे मागायचे असतील तर ये आणि माग.