दक्षिणेतल्या बर्फाची तयारी बुटांपासून

महोदय,

उत्तरेत उन्हाळा असताना दक्षिण गोलार्धात स्कीइंगला जाण्याविषयी आपल्या पुरवणीत आलेल्या लेखात तिकिटे, हॉटेले, कपडे सगळे होते. बूट आणि मांड्यांचा व्यायाम मात्र राहून गेला. न्यूझीलंडमधले कोरोनेट पीक असो की चिलीतले पोर्टिलो, सहल बिघडते ती बहुतेक या दोन गोष्टींमुळे.

उकाड्यात पाऊल फुगते आणि बुटाचे प्लास्टिक मऊ पडते. त्यामुळे दुपारी घालून पाहिलेला बूट आवळतो, पण पुढे झुकायला सोपा वाटतो. लोक मोठ्या मापाचा, अधिक कडक बूट घेतात आणि थंडीत टाच उचलली जाऊ लागते. म्हणून बूट सकाळीच पाहावा. आतले अस्तर काढून पाय नुसत्या कवचात घालावा. बोटे पुढे टेकल्यावर टाचेमागे दीड ते दोन सेंटीमीटर जागा उरली की माप योग्य. मग अस्तर बसवून, एकच पातळ मोजा घालून वीस मिनिटे उभे राहावे. जुन्या बुटाचे प्लास्टिक दमटपणाने ठिसूळ होते. भेगा दिसल्या, तर तो बूट टाकूनच द्या.

बूट बदलला की बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी आणि पडताना सोडणारी पकड, तंत्रज्ञाकडून पुन्हा लावून, तपासून घ्या. वजन, उंची, वय, कौशल्य आणि बुटाच्या तळव्याची लांबी यांवर ती किती जोराने सुटावी याचा आकडा ठरतो. स्वतःच स्क्रू आवळला, तर पडताना स्की सुटत नाही आणि पीळ गुडघ्याच्या अस्थिबंधावर येतो.

सायकलिंगने दम वाढतो, पण उतारावर मांड्यांना सतत ब्रेक लावायचा असतो. तो सराव वेगळा करावा लागतो. आठ आठवडे आधीपासून, आठवड्यातून दोनदा, चार सेकंद घेत खाली जाणाऱ्या बैठका काढा: आठ-आठच्या तीन फेऱ्या. शिवाय वीस सेंटीमीटरच्या पायरीवरून एका पायावर सावकाश उतरा. गुडघा आत वळू लागला की थांबा. चार आठवड्यांनी बाजूला उड्या मारायला हरकत नाही; शेवटच्या आठवड्यात जोर कमी करा.

दक्षिण गोलार्धात ऊन उत्तरेकडच्या उतारांवर जास्त पडते, त्यामुळे कोरडा बर्फ दक्षिणेकडच्या उतारांवर जास्त टिकतो. न्यूझीलंडला जाणाऱ्यांनी बुटांची माती निघण्यापूर्वीच धुऊन काढावी. तिथल्या विमानतळावर ती कसून तपासली जाते.

आपला,
एक वाचक