मागे बसणाऱ्याकडे बघ

पुणे,
रविवार, दुसऱ्या चहानंतर

प्रिय मन्या,

तुझा निरोप दोनदा वाचला. सईनं ड्रम्स घेतलेत! गिटार नाही, कीबोर्ड नाही, थेट ड्रम्स. वहिनींचं यावर काय म्हणणं आहे ते तू लिहिलं नाहीस, म्हणजे मला कळलं. खालच्या मजल्यावरच्या काकांचं काय असेल, तेही कळलं.

तू विचारलंस, की शाळेतल्या पोरींचा बँड निघतोय तर तिला सिनेमातले कुठले बँड दाखवू. आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच निकाल लावून मोकळा झालास: ‘रॉक ऑन’मधला मॅजिक, त्याच्यापुढे कोणी नाही. म्हणून हे पत्र. फोनवर बोललो असतो, पण फोनवर तू मधेच तोडतोस. इथे गप वाच.

माझं एक म्हणणं आहे, पंचवीस वर्षांपासूनचं. सिनेमातला बँड खरा वाटतो की खोटा, हे ड्रमरकडे बघून कळतं. गायक ओठ हलवून वेळ मारून नेतो. गिटारवाल्याचा चेहरा दाखवायचा, मग कॅमेरा बोटांवर न्यायचा, बोटं दुसऱ्याची. ड्रमर बिचारा अख्खाच्या अख्खा दिसतो. स्टिक सिम्बलच्या पितळी थाळीवर पडली आणि आवाज आला तो स्नेअरचा, म्हणजे समोरच्या छोट्या ड्रमचा, तर शेंबड्या पोरालाही कळतं. शिवाय लिहिणाऱ्यांच्या लेखी हा म्हणजे पंगतीच्या टोकाला बसलेला पाहुणा, वाढप्याच्या लक्षातच येत नाही. ज्या सिनेमावाल्यांनी त्याच्या पानात नीट वाढलंय, त्यांनी बाकीचंही नीट केलेलं असतं, असा माझा अनुभव. मी ड्रमर होतो म्हणून असं म्हणतोय, असं तू म्हणशील. हो, म्हणूनच म्हणतोय.

सईला सगळ्यात आधी ‘दॅट थिंग यू डू’ दाखव. टॉम हँक्सनं १९९६ मध्ये काढलेला, लेखन-दिग्दर्शन त्याचंच. आपण केबलवर तुकड्यातुकड्यांनी पाहिला होता, आठवतं? १९६४ साल, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातलं ईरी नावाचं गाव. चार पोरांच्या बँडचा ड्रमर पार्किंग मीटरवरून उड्या मारायच्या नादात हात मोडून घेतो. कॉलेजातली स्पर्धा तोंडावर. मग वडिलांच्या दुकानात फ्रीज-टीव्ही विकणाऱ्या, गाय (Guy) नावाच्या पोराला धरून आणतात. हा गाय दिवसा गल्ल्यावर बसणारा आणि दुकान बंद झालं की जॅझच्या रेकॉर्डी लावून एकटाच बडवत बसणारा.

गाणं बांधलेलं असतं संथ, विरहगीत म्हणून. गाय स्टेजवर काउंट, म्हणजे सुरुवातीचं एक-दोन-तीन-चार, देतो तो एकदम चढ्या लयीत. गाणं लिहिणारा जिमी वळून डोळे वटारतो, हळू घे म्हणून सांगतो. गाय ऐकत नाही. आणि समोरची पोरं खुर्च्या सोडून नाचायला लागतात. अख्ख्या सिनेमाची कळ त्या एका काउंटमध्ये आहे. सूर तोच, शब्द तेच, फक्त विलंबितातलं द्रुतात गेलं आणि विरहगीताचं नाचगाणं झालं. ड्रमर बँडमध्ये नक्की काय करतो, हे मला आजवर कोणी इतकं सोपं करून दाखवलेलं नाही.

पण खरी मेख पुढेच आहे. ‘हे गाणं देशभर गाजलं’ असं सिनेमात म्हणायला काय लागतं? गाजलेलं वाटेल असं गाणं मात्र कोणीतरी करावं लागतं, आणि तेही तीस वर्षं जुन्या धाटणीचं. तेच ते गाणं सिनेमाभर कितीदा वाजतं, मोजायचं मी सोडून दिलंय. एकदाही कान किटत नाहीत. ते केलं ॲडम श्लेसिंजर नावाच्या पोरानं, तेव्हा त्याला फारसं कोणी ओळखत नव्हतं. ऑस्करचं नामांकन मिळालं. २०२० च्या एप्रिलमध्ये करोनानं गेला, बावन्नाव्या वर्षी. त्या रात्री मी ते गाणं लावलं आणि पहिल्यांदाच ते मला मुळातल्यासारखं, विरहाचं वाटलं.

आणि तो रेडिओचा प्रसंग! गाणं पहिल्यांदा रेडिओवर लागतं तेव्हा एकेक जण जिथे असेल तिथून पळत सुटतो, आणि सगळे गायच्या दुकानात येऊन दिसेल तो रेडिओ चालू करतात. सईला सांग, हे तिच्या पिढीला नीट कळणार नाही. आपलं गाणं आपल्या परवानगीशिवाय कुणाच्या तरी घरात वाजतंय, ही काय चीज होती! बँडच्या नावाचा घोळही तिला आवडेल. ‘वंडर्स’च्या स्पेलिंगमध्ये यांनी शहाणपणा करून ‘वन’ घुसडलेला, तर जो तो ‘ओनीडर्स’ वाचतो. आपलं बरं होतं, नाव ठरायच्या आधीच बँड फुटला.

आपल्या गॅदरिंगचं तिला सांगितलंस का रे? नसशील, कारण तुझी फजिती आहे. ऑर्केस्ट्रावाल्याकडून भाड्यानं आणलेला ड्रमसेट, खाली ना सतरंजी ना काही, गुळगुळीत स्टेज. प्रत्येक लाथेसरशी बास ड्रम बोटभर पुढे सरकायचा. दुसऱ्या कडव्यापर्यंत मी स्टुलाच्या काठावर आलो होतो, पाय लांबवून. मग कोणीतरी विंगेतून वीट आणून पुढे लावली. विठोबानंतर विटेचे उपकार इतके मीच मानले असतील. आणि घाबरलो की हात पळतो हा माझा जुना रोग. आप्पा तबल्यावर बसवायचे तेव्हापासून ओरडायचे, ‘लय पळतीये, लगाम घाल!’ माझीही लय चढली, गायसारखीच. फरक इतकाच, की तिथे लोक नाचले आणि इथे तुझा श्वास संपून तू शेवटचं कडवं नुसतं बोललास. कोणी कीर्तन म्हणालं, कोणी बातम्या.

आता ‘धिस इज स्पायनल टॅप’. १९८४, रॉब रायनर. सईला दोन-तीन वर्षांनी दाखव, फार चावट आहे. पण तू परत बघ. खोट्या ब्रिटिश हेवी मेटल बँडवरची खोटी डॉक्युमेंटरी. संवाद बहुतेक जागच्या जागी सुचलेले. आवाजाचं बटण दहावर न थांबता अकरापर्यंत जाणारा ॲम्प सगळ्यांना पाठ आहे. स्टोनहेंजचा, म्हणजे इंग्लंडमधल्या त्या प्राचीन उभ्या दगडांचा, सेट नॅपकिनवर काढताना फुटाच्या जागी इंचाची खूण पडते आणि स्टेजवर अठरा इंचांचं स्टोनहेंज उतरतं, तेही पाठ आहे. माझा जीव मात्र त्यांच्या ड्रमर्समध्ये. एक बागकामाच्या ‘विचित्र’ अपघातात गेला. एक ओकारी घशात अडकून गेला, तीही दुसऱ्याच कुणाची तरी. एक भर कार्यक्रमात आपोआप पेटला, स्टुलावर थोडंसं हिरवं काहीतरी उरलं. आणि उरलेले तिघं हे सांगतात ते वाण्याकडची साखर संपल्यासारखं. वरवर नुसता वाह्यातपणा वाटतो. पण कुठल्याही बँडचा जुना फोटो काढ आणि विचार, मागचा हा कोण. ‘हा? हा मग गेला.’ कुठे गेला, का गेला, कोणाला पत्ता नसतो. मी गेलो तेव्हा तुम्ही तरी काय केलंत? महिनाभरात नवा आणलात.

यात एक गंमत आहे, ती तुला ठाऊक नसणार. सिनेमात ड्रमरच्या जागेवर बसलेला मिक श्रिम्प्टन म्हणजे रिक पार्नेल, खराखुरा ड्रमर, ‘अटॉमिक रूस्टर’ या रॉक बँडमध्ये वाजवलेला. त्याचे वडील जॅक पार्नेल, तेही मुळात ड्रमरच, आणि पुढे ‘द मपेट शो’ या टीव्हीवरच्या बाहुल्यांच्या कार्यक्रमाच्या वाद्यवृंदाचे प्रमुख. आणि मपेट शोमधला ॲनिमल कोण? केसाळ, साखळीनं बांधलेला, दोन शब्दांपलीकडे न बोलणारा ड्रमर. बाहुली फ्रँक ऑझच्या हातात, पण ऐकू येणारं वादन रॉनी व्हेरेलचं, जॅक पार्नेलच्याच वाद्यवृंदातल्या माणसाचं. म्हणजे टीव्हीवरच्या सगळ्यात लाडक्या खोट्या ड्रमरला वाजवतं ठेवणारे वडील, आणि सिनेमातल्या सगळ्यात दुर्दैवी खोट्या ड्रमरच्या स्टुलावर त्यांचा मुलगा. आपल्याकडे याला घराणं म्हणाले असते.

सईला ॲनिमल आणि बडी रिच यांची जुगलबंदी आजच लावून दे. बडी रिच म्हणजे त्या काळचा ड्रम्समधला बाप माणूस, आणि समोर फरची बाहुली. जिंकतं कोण ते सांगत नाही. हरणारा हार कशी मानतो, तेवढं बघ म्हणावं.

‘मंकीज’ या टीव्ही मालिकेतल्या बँडवरून आपलं भांडण झालं होतं. ‘टीव्हीसाठी गोळा केलेली नटमंडळी’ असं तू तेव्हा म्हणालास, आणि ते खोटं नव्हतं. १९६६ मध्ये सुरू झालेल्या मालिकेसाठीच चौघांना निवडलं. त्यातला मिकी डोलेंझ लहानपणापासून टीव्हीवर कामं करणारा. ड्रम्स त्याला मालिकेसाठी शिकावे लागले. पहिल्या रेकॉर्डींवर वाजवायचे दुसरेच, भाड्याचे वादक. पण मग या खोट्यांनी हट्ट धरला, की आमचं आम्ही वाजवणार. मे १९६७ मध्ये ‘हेडक्वार्टर्स’ ही रेकॉर्ड आली, तिच्यात ड्रम्स मिकीचेच. अमेरिकेत आठवडाभर पहिल्या नंबरावर होती, मग बीटल्सची ‘सार्जंट पेपर’ आली आणि हिला दुसऱ्यावर बसवलं. तिथे ती अकरा आठवडे टिकली. वेलबुट्टी नाही त्याच्या वाजवण्यात, कुठे कुठे अडखळतोही. पण नोकरी म्हणून शिकलेल्या माणसाचं ते वाजवणं मला फार आवडतं. मालिकेतला बँड, आणि मालिकेतून बाहेर येऊन खरा झाला. तू मानणार नाहीस, ठीक.

‘ऑलमोस्ट फेमस’ सिनेमातला स्टिलवॉटर बँड तर तुझाही लाडका. गाणी करण्यात ‘हार्ट’ या बँडची नॅन्सी विल्सन, नटांना वाजवायला शिकवायला गिटारवाला पीटर फ्रॅम्प्टन, इतकी तयारी असेल तर बँड खरा वाटणारच. ड्रमर एड आठवतो? सिनेमाभर तोंडातून अवाक्षर नाही. विमान वादळात सापडतं, आता सगळे मरणार म्हणून जो तो आपली पापं ओकायला लागतो, आणि हा मुका एकदम ओरडून सांगतो की मी गे आहे. पुढच्या क्षणी विमान सरळ होतं. बाकीच्यांच्या कबुल्यांनी भांडणं लागतात. याच्या एका वाक्यानं मला, हा माणूस एवढा वेळ मागे बसून काय वाजवत होता, असं वाटून गेलं.

डब्लिनच्या ‘द कमिटमेंट्स’मध्येही ड्रमर गायकाला कंटाळून निघून जातो आणि त्याच्या जागी दारावरचा गुंड बसतो. त्यावर मी जास्त बोलत नाही. तू गायक होतास.

आता तुझा मॅजिक. मला ‘रॉक ऑन’ आवडतो, उगाच डोळे फिरवू नकोस. २००८ मध्ये मुंबईतल्या पोरांचा रॉक बँड हिंदी सिनेमात वायर न जोडलेल्या खोट्या गिटारीशिवाय दिसला, हेच खूप होतं. फरहान अख्तरनं आपल्याच चिरक्या आवाजात गायला, ते तर फारच बरं केलं. तुझ्या-माझ्यासारखा माणूस गातोय असं वाटतं. कीबोर्डवरचा ल्यूक केनी मुळातच रॉकवाला. बँड फुटतो तेही खरं, मानापमानावरून. पण केडी? ‘किलर ड्रमर’ म्हणून नाव दिलं, आणि काम दिलं विनोद करायचं. बँड फुटल्यावर तो घरच्या दागिन्यांच्या दुकानात बसतो, गाय बसायचा तसाच. पण गाय रात्री शटर ओढून वाजवतो. केडीची ती रात्र आपल्याला कोणी दाखवतच नाही. तेवढा एक प्रसंग हवा होता. असता, तर हे पत्र लिहिलंच नसतं.

एक कामाचं. ‘साउंड ऑफ मेटल’ तू एकटा बघ, सईबरोबर नको. मेटल वाजवणाऱ्या ड्रमरचे कान जातात, त्याची गोष्ट. रिझ अहमदनं त्यासाठी कित्येक महिने ड्रम्स आणि खुणांची भाषा शिकून घेतली होती. वाजवताना त्याचे खांदे बघ, नटाचे वाटत नाहीत. सिनेमाला आवाजासाठीचं ऑस्कर मिळालं ते उगाच नाही. त्याच्या कानात काय काय उरलंय, ते आपल्यालाही ऐकावं लागतं. माझ्या डाव्या कानात रात्री शिट्टी वाजते, हे तुला सांगितलं नव्हतं. तेव्हा स्टिक्सच्या आधी सईला इअरप्लग घेऊन दे. खोलीला जाड पडदे लाव, आणि पहिले सहा महिने रबरी पॅड. काकाही वाचतील.

आणि हो, स्पायनल टॅपचा दुसरा भाग आला, २०२५ मध्ये, एकेचाळीस वर्षांनी. म्हाताऱ्यांना परत ड्रमर लागतो. मोठमोठ्या नामवंतांना विचारतात, पण त्या स्टुलाचा इतिहास माहीत असल्यामुळे कोणी जवळ येत नाही. शेवटी एक मुलगी येऊन बसते. तिचं काम केलंय ते व्हॅलरी फ्रँकोनं, खऱ्याखुऱ्या ड्रमरनं. ती पहिल्यांदा वाजवायला लागते तेव्हा म्हाताऱ्यांचे चेहरे बघ. हा एक प्रसंग मात्र सईला आधीच दाखवलास तरी चालेल.

दिवाळीत नाशिकला येतोय. तिला सांग, सतरंजी तिची, वीट मी आणतो.

तुझा,
पम्या

ता. क. त्या ऑर्केस्ट्रावाल्याचे पन्नास रुपये राहिले होते. मी दिले नाहीत. तू दिले होतेस ना?