प्रकल्पाआधी भाषा शिकवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माध्यमिक शाळांत कृतियुक्त शिक्षण असावे की फळ्यावर शिकवून, पाठ करून घेऊन मुले तयार करावीत, हा वाद जुनाच आहे. मात्र तो घालताना आपण कोणत्या मुलांविषयी बोलत आहोत, हे बहुधा विसरले जाते. नागपूर परिसरातल्या बुटीबोरी, हिंगणा, कळमना या भागांत छत्तीसगड, मध्य प्रदेश, बिहारमधून कामासाठी आलेल्या कुटुंबांची मुले मराठी माध्यमाच्या नववीत येऊन बसतात, तेव्हा या वादाची झळ त्यांना बसते.

त्यांची खरी अडचण चटकन लक्षात येत नाही. लिपी देवनागरीच असल्यामुळे हिंदी शाळेतून आलेला मुलगा मराठी धडा घडाघडा वाचतो, ‘ळ’चा ‘ल’ होतो एवढेच, आणि शिक्षकांना वाटते की याला जमते आहे. पुढे विज्ञानाच्या पेपरात ‘शास्त्रीय कारणे लिहा’ या प्रश्नाखाली तोच मुलगा प्रश्नच पुन्हा उतरवून ठेवतो. वीटभट्टीवर वाढलेल्या मुलाला ओली वीट उन्हात का वाळते हे तोंडी विचारा, तो आपल्या बोलीत नीट सांगेल. ‘बाष्पीभवनाचा वेग पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असतो’ हे वाक्य मात्र त्याला शिकवावेच लागते: फळ्यावर लिहून, अर्थ सांगून, चार वेळा लिहून घेऊन. कोणी याला घोकंपट्टी म्हणत असेल तर खुशाल म्हणो.

उपक्रमशील शिक्षणाला माझा विरोध नाही. मातृभाषेतून आणि हस्तोद्योगातून शिकवण्याचा विचार १९३७ साली गांधीजींच्या वर्धा शिक्षण परिषदेत, म्हणजे आपल्या शेजारीच, मांडला गेला. न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेजमध्ये १९८५ साली अमेरिकेत नव्याने आलेल्या मुलांसाठी हायस्कूल सुरू झाले आणि पुढे त्या धर्तीवर इतर शाळाही निघाल्या. तेथे मुले गटात बसून, गरज पडेल तेव्हा आपापल्या भाषेत बोलून, विषय आणि इंग्रजी एकत्रच शिकतात. पण यांपैकी अनेक शाळांना न्यूयॉर्क राज्याच्या बहुतेक लेखी परीक्षांतून सूट आहे. मुलांनी केलेले काम आणि त्याचे तोंडी सादरीकरण पाहून ती उत्तीर्ण ठरतात. जसे शिकवतात तसेच तपासतात. आपण त्यातला प्रकल्प तेवढा उचलला आणि दहावीची ८० गुणांची लेखी परीक्षा होती तशीच ठेवली.

उरलेल्या २० गुणांच्या अंतर्गत मूल्यमापनाचे काय होते, ते एखाद्या झेरॉक्सच्या दुकानात उभे राहून पाहावे. रंगीत मुखपृष्ठासह तयार प्रकल्प मिळतात, नाव तेवढे घालायचे. ज्याच्या घरी शिकलेले माणूस आहे आणि थर्माकोल, चार्ट पेपरला पैसे आहेत, त्याचा प्रकल्प देखणा होतो. जिचे आईवडील दोघेही स्लॅबच्या कामावर जातात तिचा होत नाही, आणि गुणही त्याप्रमाणे पडतात. म्हणजे घरावर सोपवलेले हे नवे शिक्षण मजुराच्या मुलाला जुन्या शिक्षणापेक्षा महागच पडते.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात वयानुरूप वर्गात प्रवेश आणि त्यासोबत विशेष प्रशिक्षणाची तरतूद आहे, पण त्याची मर्यादा आठवीपर्यंत. नववीत आलेल्या मुलाला तो आधार नाही, आणि दहावीच्या निकालाच्या काळजीपोटी मुले मागे ठेवली जातात तीही नेमकी नववीतच.

म्हणून महानगरपालिका आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागांना विनंती आहे की, अशा शाळांत नववीसाठी रोज एक जादा तासिका केवळ मराठी समजून वाचण्यालिहिण्याला द्यावी आणि ती शक्यतो हिंदी चांगली जाणणाऱ्या शिक्षकाकडे सोपवावी. प्रकल्प शाळेतच, शाळेच्या साहित्यातून करून घ्यावेत आणि गटात मुलांना आपल्या बोलीत बोलू द्यावे. वीटभट्टीचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो व काही मुले तेव्हाच येतात, त्यामुळे ही तासिका पहिल्या सत्राबरोबर बंद करू नये.

आपली,
एक निवृत्त माध्यमिक शिक्षिका, नागपूर