मेडिकलवाल्या ताई, ती बाटली न विकल्याबद्दल थँक्यू

ताई, नमस्कार. नाव मुद्दाम लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही. मार्चमध्ये एक माणूस एका पायात बूट आणि दुसऱ्यात बायकोची स्लिपर घालून लंगडत तुमच्या मेडिकलमध्ये आला होता, आठवतोय का? तो मी. अंगठा टम्म सुजून लालबुंद, रात्री नुसती चादर लागली तरी जीव जायचा, रिपोर्टमध्ये युरिक ॲसिड 9.2, म्हणजे गाउट, युरिक ॲसिड सांध्यात साचून येणारी सूज.

मला हवी होती चेरीच्या कॅप्सूलची बाटली, 1,850 रुपयांची, मित्राने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला होता, युरिक ॲसिड आणि हार्ट दोन्हीचं काम एकातच होणार होतं म्हणे. मी पाकीट काढलं आणि तुम्ही विचारलंत, "काका, सध्या काय काय चालू आहे?" मी म्हटलं बीपीची एक, स्टेंट टाकल्यापासून रक्त पातळ करायच्या दोन, बाकी सगळं नॅचरल. तर तुम्ही म्हणालात, आधी त्या नॅचरलचंच सांगा.

मग लसणाच्या कॅप्सूल, फिश ऑइल, अर्जुनाची पावडर, गुळवेलीचा काढा अशी यादी निघाली. दात घासताना रक्त येतं का विचारलंत. येत होतं ना! मी महिनाभर ब्रशला शिव्या घालत होतो. रक्त पातळ करायच्या गोळ्यांवर परत लसणाच्या कॅप्सूल म्हणजे डबल काम, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं, आणि मीही डॉक्टरांना कधी बोललो नाही, काढा काय सांगायचा म्हणून.

पण खरी गोष्ट तुम्ही पकडलीत ती बीपीच्या स्ट्रिपवर. नावाच्या शेवटी 'एच' होता. हायड्रोक्लोरोथायझाइड, लघवीवाटे पाणी काढतं पण युरिक ॲसिड मात्र आत अडकवून ठेवतं. रक्त पातळ करायच्या दोनांतल्या ॲस्पिरिनचा छोटा डोसही ते थोडं वाढवतो म्हणालात, आणि लगेच दम दिलात की ती गोळी स्वतःच्या मनाने बंद केलीत तर बघा, स्टेंट आहे तुम्हाला. डॉक्टरांना द्यायला चिठ्ठी लिहून दिलीत, मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती तरी.

डॉक्टरांनी चिठ्ठी वाचून 'एच' काढला, बीपीसाठी लोसार्टन दिली (ती युरिक ॲसिड थोडं खाली आणते), सूज उतरल्यावर युरिक ॲसिड कमी करायची ॲलोप्युरिनॉल 100 मिलिग्रॅमपासून चालू केली. सुरुवातीला परत दुखू शकतं, घाबरून सोडू नका, असं तुम्ही म्हणाला होतात आणि दुसऱ्या आठवड्यात दुखलंच, तुम्ही आधी सांगितलं नसतं तर मी गोळ्या फेकूनच दिल्या असत्या.

तेव्हा दुखण्यासाठी कोल्चिसीन मिळाली. मी म्हटलं ही केमिकलवाली गोळी नको, तर तुम्ही हसलात, अहो हेच कळलावीत असतं म्हणालात. आमच्या बांधावर पावसाळ्यात कळलावी फुलते, तिचा कंद खाल्ला तर माणूस जातो हे लहानपणापासून ऐकलेलं, पण ते आणि हे एकच हे काही डोक्यात आलं नव्हतं.

चेरीला तुम्ही नावं ठेवली नाहीत. चेरीने, व्हिटॅमिन सीने थोडाफार फरक पडत असेल पण 9 चे 6 होत नाहीत, एवढंच. आणि तूरडाळ! मी दोन महिने डाळ बंद करून बसलो होतो, बायको वैतागली होती. तुम्ही म्हणालात डाळ खा, ताक प्या, कमी करायची ती तारली, कलेजी, बिअर आणि कोल्ड्रिंक. कोल्ड्रिंकवर मी चाट पडलो, बिअर सोडली म्हणून रोज तेच ढोसत होतो, त्यातल्या साखरेनेही युरिक ॲसिड वाढतं हे कुठे माहीत होतं.

परवाचा रिपोर्ट 5.7. डॉक्टरांना 6 च्या खाली हवं होतं. हिरड्यांचं रक्त थांबलंय, काढा बंद. तारली मात्र आठवते हो, विशेषतः रविवारी.

शनिवारी येतोय, दोन्ही पायांत बूट घालून. मागचे चाळीस रुपये सुट्टे नव्हते म्हणून राहिलेत तेही देतो, आणि आईने तुमच्यासाठी कोकमं सुकवून ठेवलीत, नाही म्हणू नका.